पुडी बांधणारा अप्पा

घाटनांदूरच्या अप्पाला कॉम्प्युटरवर उघडं पान बघवत नसे. किराण्याच्या गल्ल्यामागं त्यानं इंटरनेट सुरू केलं, तरी हात वाण्याचाच. वेबसाईटचं पान उघडलं, की गिऱ्हाइकानं वाचायच्या आत तो प्रिंटचं बटण दाबून त्याची पीडीएफ करायचा. "लाईट जायच्या आत पुडी बांधावी, तात्या. मग वाचा की निवांत."

पहिल्यांदा ते बघून मी चाटच पडलो. बटण दाबलं, मशीन गप्प, कागदाचा पत्ता नाही. मी हात पुढं करून उभा.

"कागद कुठाय बे?"

"आत हाय."

"आत हाय तर दाव की!"

"तुमची भूक पोटात हाय, ती कुठं दिसती?"

मी दोन यत्ता शिकलेला, पण कुणाचं ऐकून घेणारा नव्हे. त्या दिवशी मात्र पुढं केलेला हात मुकाट खिशात घातला.

पुडी एकाच जागी ठेवणं त्याला पटत नसे. कॉम्प्युटरवरची फाईल वायर लावून मोबाईलमध्ये उतरवायचा, वर लातूरच्या जावयाला फोन करून तेच पान त्याच्या लॅपटॉपवर नव्यानं उघडून ठेवायला लावायचा. जावई वैतागायचा, "मामा, मी नोकरी करू का तुमची पानं धरू?" अप्पा म्हणायचा, "दोन्ही करा."

बचत गटाच्या पापडांची बातमी एका पेपरच्या वेबसाईटवर आली. तीत आमच्या मंडळीचा, म्हणजे बायकोचा, फोटो होता. अप्पानं ते पान ठेवलं. पुढं वर्षाच्या आत ती तापाचं निमित्त होऊन गेली. घरात तिचा एकही फोटो नाही. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. तेराव्याला हार घालायचा तरी कशावर? तडक अप्पाकडं गेलो.

फाईल उघडली. बातमी होती. फोटोच्या जागी रिकामी चौकट, कोपऱ्यात लाल फुली. फोटो पडद्यावर उतरायच्या आतच अप्पानं घाईनं पान बांधलं होतं. मोबाईलमध्ये तीच फाईल. वेबसाईटवर बघितलं, तर पानच काढून टाकलेलं. बाई गेली ते सोसलं, पण तिचं तोंडही राहू नये? अप्पा पांढराफटक. जावयाला फोन लावला, उचलेना. गिऱ्हाइकं उभी असताना अप्पानं शटर ओढलं आणि लातूरची एसटी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ओट्यावर हजर, हातात छापलेला कागद. जावयानं सावकाश ठेवलेल्या पानात फोटो अख्खा आला होता. पापडाच्या ढिगामागं बसून, पदर मागं टाकून मंडळी खळखळून हसत होती. एवढ्या संसारात मी तिला असं हसताना बघितलंच नव्हतं. हबकून बघतच राहिलो.

"चुकी माझी, तात्या," अप्पा म्हणाला. मी त्याला नुसतं हाताला धरून घरात नेलं.

पुढं काही वर्षांनी अप्पा वारल्याचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. चांगला धडधाकट माणूस! ताट तसंच सोडून निघालो. अप्पा लिंगायत वाणी, त्यांच्यात पुरतात; मातीला सोयरे पुढं उभे. मी गर्दी सारून खड्ड्यापाशी गेलो, तसं एकानं अडवलं, "तुमी कोण लागता?"

"गिऱ्हाईक हाय," म्हणालो, आणि मूठभर माती टाकली.