यंदा पेडण्यात ताप नाही

हातातलं काम अर्धवट सोडण्यात माझ्या डॉक्टर मावसभावाचा हात धरील असा माणूस पेडण्यापासून डिचोलीपर्यंत जन्मला नाही. अर्धीच दाढी करून दवाखान्यात बसलेला मी त्याला पाहिलाय, विचारलं तर म्हणाला, "राहू दे रे, पेशंट उजवीकडूनच येतात!" स्वतःच्या साखरपुड्यात, शेतावरच्या कुणा बाईला ताप भरलाय एवढं कानावर पडताच हातातला नारळ भावी सासऱ्यांच्याच ओंजळीत ठेवून स्वारी पसार. तरी त्यांनी मुलगी दिली, हे त्यांचं धाडस.

पावसाळ्यात चिखलात राबणाऱ्यांना जडणाऱ्या लेप्टोच्या तापाशी त्याचं जन्माचं वैर. त्याच तापावर संशोधन करायला त्याला स्कॉटलंडची दोन वर्षांची फेलोशिप मिळाली, तेव्हा आम्ही पैजाच लावल्या, की हा सहा महिन्यांत परत. जाण्यापूर्वी त्यानं शेतावरच्या माणसांना गमबूट वाटले आणि निघताना बजावलं, "चिखलात बुटांशिवाय उतरायचं नाही. ताप आला की मला कळवायचं." बुटांनी ताप थांबतो का, हाच त्याच्या अहवालाचा शेवटचा भाग व्हायचा होता.

दुसऱ्या पावसाळ्यात ताप आलाच. नऊ जण अंथरुणाला खिळले, त्यातल्या चौघांना म्हापशाच्या इस्पितळात न्यावं लागलं. मावशीनं आम्हा सगळ्यांना तुळशीसमोर उभं करून त्याला काही कळवायचं नाही अशा शपथा घातल्या. त्याला कळलं तर तो तिथलं सगळं टाकून पहिल्या विमानात बसेल, याबद्दल कुणाला शंका नव्हती. फोनवर मावशी म्हणाली, "हंय सगळां बरां आसा. यंदा ताप नाय. तू तुझां पुरां कर." मग रिसीव्हर माझ्या हातात आला आणि मीही ओरडलो, "ठणठणीत रे, ठणठणीत!"

आणि काय आश्चर्य, त्यानं खरोखरच पुरं केलं! प्रमाणपत्र घेऊन आला, मावशीनं ओवाळलं, पेढे वाटले. दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात एक म्हातारा सहज बोलून गेला, "डॉक्टर, तुमी नाय होतास तेवा तापान धा दिस म्हापशाक निजलंय."

घरी आला तो पांढराफटक. अहवालात त्यानं मोठ्या अभिमानानं लिहिलं होतं, बूट वापरले, यंदा पेडण्यात ताप नाही.

"सांगितलां असतां तर सगळां टाकून इलो असतस!" मावशी रडत म्हणाली.

"इलो असतंय," तो म्हणाला, आणि कागद ओढून स्कॉटलंडच्या प्राध्यापकांना पत्र लिहायला बसला. प्रमाणपत्र परत मागितलं तर देईन म्हणाला.

मावशीनं डोळे पुसले, त्याच्यासमोर पाट मांडून बसली आणि म्हणाली, "लिही." मग तिनं घर न् घर सांगितलं. कुणाला चवथीच्या आधी ताप आला, कुणाचे डोळे पिवळे झाले, कोण किती दिवसांनी उठून बसलं, बाईला सगळं तोंडपाठ!

"आणि बूट?"

"ते चिखलात मळतले म्हणान कोण घालता? शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराक घालून जायत."

तो हसायला लागला तो थांबेचना, आणि मग मावशीही हसली. हेसुद्धा त्यानं जसंच्या तसं लिहिलं.

दोन महिने मावशीला पोस्टमन दिसला की धडकी भरायची. मग उत्तर आलं. प्रमाणपत्र कायम, आणि लोक बूट का घालत नाहीत हे या अहवालात सर्वांत उपयोगी, असंही लिहिलेलं. पुढच्या लावणीला तो स्वतः बूट घालून चिखलात उतरला, तेव्हा कुठे बाकीचेही उतरले. त्या वर्षी दोघांनाच ताप आला. दोघेही वेळेत दवाखान्यात आले आणि बरे झाले.

मला मात्र तो त्या फोनबद्दल एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. आता कधी त्यानं "बरा आहेस ना?" असं विचारलं, की मी नुसतं हो म्हणत नाही. गुडघा दुखतो, रात्री झोप येत नाही, सगळं सांगतो. तो शेवटपर्यंत ऐकून घेतो.