मागाच्या खोलीतला बँड

माझ्या धाकट्या भावाला बँड मी काढून दिला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे आमच्या घरात प्रत्येकाने त्याचा दोष आपल्या अंगावर ओढून घ्यायचा प्रयत्न केला. बाबा म्हणत, खोली मी दिली. माय म्हणे, मी अडवायला पाहिजे होतं. दोघंही भली माणसं, पण या बाबतीत त्यांचं मी कधीच ऐकून घेतलं नाही.

नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी होतं, त्यातली ती शेवटची वर्षं. आम्ही विणकर. गल्लीत घरटी एक माग तरी होताच, आणि सकाळी ताण्याचं उभं सूत खळ पाजायला रस्त्यावर पसरलं की टांगेवाल्यालाही वळसा घालून जावं लागे. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवत होते. गल्लीतली पहिली मास्तरीण. लोक माझ्याकडून पत्रं वाचून घेत, भांडणात माझं मत विचारत. माझ्या शब्दाला वजन होतं आणि ते मला फार आवडायचं.

भाऊ नऊ वर्षांचा. लग्नाची वरात गल्लीतून गेली की हा बँडच्या मागे जो निघे, तो गांधीबागेपर्यंत. मग कोणीतरी त्याला बखोटीला धरून घरी आणायचं. सूत संपलेल्या पोकळ कांड्या तो जमवायचा आणि त्यात फुंकून वरातीतल्या चाली काढायचा, आणि त्या ओळखू यायच्या. एकदा मी जेवत असताना समोर येऊन बसला.

"ताई, मले बँड पायजे."

"बाजा पायजे म्हण."

"बाजा नाई, बँड. एकट्यानं वाजवलं तं कोणी नाचत नाई."

मला हसू आलं आणि मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. माझा स्वभावच तसा. एकदा एखादी गोष्ट डोक्यात घेतली की मी हात धुऊन तिच्या मागे लागते. लोक याला जिद्द म्हणत. आता मी तिला दुसरी नावं ठेवते.

दोन गल्ल्या पलीकडे आमच्यातलाच एक माणूस राहत होता. तरुणपणी माग सोडून तो कामठीच्या छावणीत गेला आणि पलटणीतल्या एका निवृत्त वाजवणाऱ्याकडून क्लॅरिनेट शिकला. पुढे पंचवीस वर्षं त्याने लग्नाच्या बँडात वाजवलं. सगळे त्याला मास्तर म्हणत. दोन वर्षांपासून मात्र तो घरीच होता. मी गेले तेव्हा तो ओट्यावर पाय वर घेऊन बसला होता. चैत्रातलं ऊन, आणि याच्या अंगावर घोंगडी.

मी पोरांना शिकवायचा विषय काढला तसा तो मान हलवायला लागला.

"नाई पोरी. लहान पोरं नाई घेत मी."

"काहून?"

"मले खोकला हाय."

मी मोठ्याने हसले. "मास्तर, आपल्यात खोकला नाई असा एक माणूस दाखवा मले."

आणि ते खरंच होतं. सुताची पिंज छातीत जाते, म्हणून विणकर खोकतोच, असं आम्ही धरून चाललो होतो. बाबा खोकत, शेजारचे आजोबा खोकत, पहाटे सगळी गल्ली खोकत उठे. त्याला आम्ही सुताचा खोकला म्हणायचो आणि आजारात धरायचो नाही. डॉक्टरकडे जायचं ते ताप किंवा हगवण झाल्यावर. मास्तरने आत जाऊन पेटी आणली. लाल मखमलीत क्लॅरिनेट होतं. ते हातात घेतल्यावर त्याचा चेहरा असा पालटला, की मला माझंच कौतुक वाटलं.

आठवड्याभरात मी पाच पोरं जमवली. माझा भाऊ आणि चुलत्याची दोन पोरं क्लॅरिनेटवर, पाळीपाळीने. शेजारची एक मुलगी झांजेवर, आणि एक पोरगा ताशावर. तालीम आमच्या मागाच्या खोलीत. ती खोली कशी होती ते सांगायला हवं. नागपूरच्या उन्हाळ्यात हवा कोरडी पडली की सूत तटातट तुटतं. म्हणून मागाच्या खोलीची खिडकी बंद ठेवायची, दारावर ओलं पोतं टाकायचं आणि जमिनीवर पाणी शिंपडायचं. चैत्र, वैशाख, जेठ असे तीन महिने त्या खोलीत बाहेरचा वारा येत नसे. त्या ओल्या, कोंदट अंधारात माग थांबला की रोज दुपारी तासभर मास्तर आणि पाच पोरं.

क्लॅरिनेटच्या तोंडाला वेताची पातळ पत्ती असते. ती ओली असल्याशिवाय वाजत नाही. मास्तर ती आधी आपल्या तोंडात धरून भिजवायचा, दोन सूर काढून दाखवायचा आणि क्लॅरिनेट माझ्या भावाच्या हातात द्यायचा. त्याच्याकडून ते चुलत्याच्या थोरल्याकडे, मग धाकट्याकडे, मग परत मास्तरकडे. आम्हाला यात काही वावगं दिसलं नाही. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून सूत काढायचं तर भोकाला ओठ लावून श्वास आत ओढावा लागतो. बाबांनी ओढलं, मायने ओढलं, हात मोकळा असेल त्याने ओढलं, धोटा एकच. आमच्या पोरांना बोलता येण्याआधी धोट्याला तोंड लावता येई. भावाचा दम असा मोठा झाला तो त्यानेच, असं बाबा कौतुकाने सांगत. तो दमही खराच होता. खालच्या भोकांपर्यंत त्याची बोटं पुरत नसत, पण महिन्याभरात तो नुसत्या वरच्या हाताच्या बोटांवर एक अख्खी चाल वाजवायला लागला.

माझ्या शाळेतल्या एक बाई एकदा वह्या न्यायला घरी आल्या. महाल भागातल्या, ब्राह्मणाच्या. दारात उभ्या राहून त्यांनी तालीम पाहिली आणि पदर नाकाला लावला.

"अहो, हे काय? एकमेकांचं उष्टं तोंडात घालतात मुलं? त्या म्हाताऱ्याचंसुद्धा?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुमच्यात सोवळं असेल बाई," मी म्हणाले, "आमच्यात माणसाच्या तोंडाचा विटाळ होत नाही."

त्या वह्या घेऊन गेल्या. मी कितीतरी दिवस त्या उत्तरावर खूश होते. शाळेत दोघीतिघींना सांगूनही झालं. त्या बाईंना सोवळ्याचंच पडलं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. पण त्यांनी बोट बरोबर जागेवर ठेवलं होतं, आणि मी ते झटकलं.

पाऊस लागला तशी मास्तरची तब्येत उतरत गेली. शिकवताना तो भिंतीला टेकून बसायला लागला. दोन सूर काढले की थांबायचा. मध्येच उठून मागच्या मोरीवर जायचा, आणि तो गेल्यावर मोरीत लाल थुंकी दिसायची. मास्तर पान खायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. माय कुरकुरत पाणी ओतायची. "वाजवते गोड, पण थुंकते केवढं!"

पोळा जवळ आला. आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोरांचा. लाकडी बैल सजवून पोरं मिरवत नेतात. त्याच दिवशी सकाळी मारबतीही, म्हणजे रोगराई घालवायला काढलेले मोठे पुतळे, निघतात. गल्लीच्या तान्ह्या पोळ्यात आमच्या पोरांनी वाजवायचं असं मी परस्पर ठरवून आले होते. शेजारच्या दोन गल्ल्यांनाही सांगून ठेवलं होतं. पोरांना जुन्या पातळांच्या काठांचे पट्टे शिवले, कागदाच्या टोप्या केल्या. भाऊ टोपी घालूनच जेवायचा.

आठ दिवस राहिले होते. तालीम संपल्यावर मी मास्तरसमोर पानाचं तबक ठेवलं.

"नको पोरी," तो म्हणाला. "पान सोडलं मी. झाले असतीन चार महिने."

मी तबक उचललं आणि आत आले. मोरीवर गेले. सकाळी मायने पाणी ओतलं होतं, आणि तरी तिथे लाल होतं.

मनात पाल चुकचुकली असं लोक म्हणतात. माझ्या मनात तेवढंच झालं असतं तर मी स्वतःला केव्हाच माफ केलं असतं. तसं नव्हतं. मला कळलं. मी शिकलेली होते, शाळेच्या भिंतीवर क्षयाचा तक्ता मीच टांगला होता, त्यावर काय लिहिलंय ते पोरांकडून पाठ करून घेतलं होतं. तिथे मोरीवर उभं राहून मला सगळं स्वच्छ कळलं. मी बादलीभर पाणी ओतलं आणि खराट्याने मोरी घासून काढली. मग स्वतःला सांगितलं, आठ दिवसांनी बघू. आता बंद केलं तर पोराचं मन मोडेल. गल्लीत काय सांगू? तीन गल्ल्यांना बोलावून बसले आहे. आठ दिवसांत काय होतंय?

त्या आठ दिवसांत रोज तालीम झाली. मी दारात उभी राहून क्लॅरिनेट एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना बघत होते. दिसत असून मी कानाडोळा करायची.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळपासून रस्त्यावर पोरं ओरडत होती, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत! ज्याला जे दूर करायचं ते तो त्यात घालत होता, महागाई, ढेकूण, खोकला. संध्याकाळी आमचा बँड निघाला. पुढे लाकडी बैल, मागे पाच टोप्या. मास्तर आमच्या ओट्यावर घोंगडीत बसून हाताने ताल धरत होता. माझ्या भावाने पहिली चाल सुरू केली आणि गल्ली खरोखर नाचली. बाबासुद्धा नाचले, ज्यांना मी आयुष्यात कधी नाचताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या चालीच्या मध्यावर भाऊ थांबला, क्लॅरिनेट चुलत्याच्या थोरल्याला दिलं, भिंतीला हात टेकून खोकला आणि पुन्हा हसत रांगेत आला. ते फक्त मी पाहिलं. कारण मी तेच बघत उभी होते.

मास्तर दसऱ्याच्या आत गेला. तोपर्यंत भावाला रोज संध्याकाळी बारीक ताप यायला लागला होता. त्याला दवाखान्यात मीच नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि विचारलं, घरात कोणाला आहे का? मी मास्तरबद्दल सांगितलं, खोलीबद्दल, पत्तीबद्दल. किती दिवस? मी म्हणाले, पाच महिने. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बाकीच्या पोरांना उद्याच्या उद्या घेऊन यायला सांगितलं. मी तिन्ही घरी गेले. चुलत्याच्या धाकट्याला निघालं, सुया लागल्या, तो सुधारला. बाकी तिघं सुटली. माझ्या भावाला मात्र फार खोल गेलं होतं. फुंकायला छाती भरून श्वास घेणारा, बंद खोलीत मास्तरला सगळ्यात चिकटून बसणारा तोच होता, असं डॉक्टर म्हणाले. आठ दिवसांचं मी त्यांना विचारलंच नाही. काय उत्तर येईल याची भीती वाटली, आणि अजून वाटते.

क्षयाच्या वॉर्डात दुपारी तासभर भेटता येई. मी शाळा सुटली की जायची. एके दिवशी तो उशीला टेकून बसला होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

"ताई, तू रागावशीन?"

"काहून रागावीन?"

"मास्तरनं मले सांगतलं होतं."

"काय सांगतलं?"

"का तोंडात घालायच्या आधी पत्ती उकळत्या पाण्यात टाकत जाय. अन् घरी सांग, का मास्तरले मोठी बिमारी हाय. लय आधी सांगतलं, आखाडात. मी दोन्ही नाई केलं."

तो घाईघाईने सांगत सुटला.

"उकळली का पत्ती वाकते, ताई. मंग वाजत नाई. अन् तुले सांगतलं असतं तं तू बँड बंद केला असता. म्हून मी मास्तरले खोटंच म्हटलं, घरी सांगतलं म्हून." त्याला दम लागला. तो थांबला आणि मग म्हणाला, "माह्यामुळं धाकल्याले पण झालं. चूक झाली ना मोठी?"

म्हणजे मास्तरला वाटत होतं की आम्हाला ठाऊक आहे. तबक पुढे केलं त्या दिवशी पान सोडल्याचं त्याने मला सरळ सांगितलं, कारण तो काही लपवत नव्हताच. माझ्या ओठांवर आलं होतं, अरे, मलाही कळलं होतं. मीही गप्प बसले. तू नऊ वर्षांचा आहेस, मी मास्तरीण आहे. एवढं म्हटलं असतं तर त्याचं ओझं उतरलं असतं, आणि ते म्हणायला मला कोणीही अडवलं नव्हतं. पण तो माझ्याकडे असा बघत होता, की त्याच्या त्या नजरेतली माझी जागा मला सोडवली नाही.

"जाऊ दे," मी म्हणाले. "माफ केलं तुले."

त्याने डोळे पुसले आणि धाकट्या चुलतभावाला हे सांगू नको म्हणाला. मी कबूल केलं. पुढे तो दोन महिने होता. मी रोज जात होते, रोज ठरवून जात होते, आणि रोज शाळेतल्या गमती सांगून परत येत होते. पौषात तो गेला. चूक त्याचीच होती आणि ताईने मोठ्या मनाने ती पोटात घातली, असं समजून गेला.