मोडली ती ताईची

ताईची नोकरी त्या दिवशी एका शब्दावर अडली होती आणि आमच्या या बाईसाहेब तो उच्चारायलाच तयार नव्हत्या.

आम्ही वेत विणणारी माणसं. आमच्यात शेवटची गाठ दोघांनी मिळून ओढायची आणि ‘आपण केलं’ म्हणायचं. ‘मी केलं’ म्हणणाऱ्याकडे लोक असं बघतात, जणू त्यानं दुसऱ्याच्या ताटातलं उचललं. ताई शिकली, डिझाइन कॉलेजात शिकवू लागली, आणि संशोधन कसलं केलं? वस्तीवर परत येऊन आपल्याच माणसांसोबत वस्तू घडवायच्या! केस पिकले तरी नोकरी हंगामीच. आता शेवटची मुलाखत होती. कायम तरी व्हायचं, नाहीतर घरी बसायचं.

तिची पहिली वस्तू म्हणजे आजाऱ्याला चढावरून वाहून न्यायची वेताची खुर्ची. ती तिनं कॉलेजात एकटीनं आखली, एकटीनं बांधली. आत्या ऐटीत बसली, आणि कडाड! आत्या थेट जमिनीवर. तेव्हापासून ताईचं नाव ‘खुर्चीबाई’. दुसरी खुर्ची सगळ्यांनी मिळून केली. चढावरच्या घराघरांत आज तीच आहे.

वस्तीतलं कोणीतरी हजर हवं म्हणून आत्या आणि मी भिंतीशी बसलो होतो. समितीचे अध्यक्ष ताईचे लेख चाळत म्हणाले, “बाई, पानोपानी ‘आपण’, ‘आपण’. यात तुमचं स्वतःचं काय?”

“सर, काम सगळ्यांचंच आहे.”

“पद एकालाच मिळतं. ‘मी’ म्हणून सांगा.”

ताई अंगठ्यानं टेबलाची कड घासत राहिली. म्हण की गं, म्हणून टाक! कोण येणार आहे तपासायला?

शेवटी आत्याच म्हणाली, “अगं, म्हण ‘मी’. आम्ही काय तुला खाणार आहोत?”

ताईनं तिच्याकडे पाहिलं. मग अध्यक्षांकडे.

“पहिली खुर्ची मी केली,” ती म्हणाली. “एकटीनं. ती मोडली. माझं स्वतःचं तेवढंच.”

आत्या फिसकन हसली. समितीतलं कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं.

थोड्या वेळानं ताईला एकटीला आत बोलावलं. ती परत आली ती ‘नाही’ अशी मान हलवतच.

“एका अक्षराचा शब्द, ताई!” मी जिन्यातच ओरडले. “जीभ झडली असती का तुझी?” मला तिचा भयंकर राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. ताई पायरीवर बसून रडायला लागली.

“तू गप गं,” आत्या मला म्हणाली. मोडक्या कमरेवर हात ठेवून ती हळूहळू ताईशेजारी टेकली आणि पदरानं तिचं नाक पुसलं.

“रडू नकोस, खुर्चीबाई. आपली नोकरी गेली. आता आपण काय करायचं ते घरी जाऊन बघू.”