माझाच ईसीजी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, नंतर चहा सांडेल. माझ्या मूर्खपणाचा किस्सा आहे, आणि तोसुद्धा रेकॉर्ड झालेला.

मी जामखेडला नर्सिंगच्या मुलींना शिकवतो. छातीत दुखणारा पेशंट आला की घाईत काय काय बघायचं, याचे व्हिडिओ बनवायचं मी डोक्यात घेतलं. शिकवायच्या पुतळ्याला कुठलं काळीज? म्हणून पेशंट मीच झालो. शीतल नावाच्या विद्यार्थिनीनं विचारायचं, मी आडवं पडून कण्हायचं. ईसीजीच्या वायरीही मीच लावल्या, स्टँडवरच्या मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यात स्वतःला बघत बघत. मास्तराची हौस, दुसरं काय.

ईसीजीच्या कागदाची पट्टी बाहेर आली आणि माझी बोबडीच वळली. पहिल्याच ओळीतल्या लाटा उलट्या, म्हणजे हृदयात काहीतरी बिघाड! इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पट्ट्या वाचतोय, पण स्वतःची हातात आली की अक्कल पळते बघा.

दरदरून घाम फुटला. शीतलला म्हणालो, डॉक्टर मॅडमना बोलाव. ती शांतपणे म्हणाली, "व्हय सर. दुखनं डाव्या हातात जातंय का?"

म्हटलं, अगं खरंच बोलाव. तर तिनं पाठ केलेला पुढचा प्रश्न काढला, जबडा दुखतो का. बाकीच्या पोरी कौतुकानं बघतायत, सर काय ॲक्टिंग करतात म्हणून. उठायला गेलो तर दोघींनी खांदे धरून परत आडवं केलं. पेशंटला चालू द्यायचं नाही, हे मीच शिकवलेलं. काळीज असं धडधडायला लागलं की जे दुखत नव्हतं तेही दुखू लागलं. बायको, लेकीची दहावी, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

शेवटी मी ओरडलो, तेव्हा कुठं एक जण पळत जाऊन शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमना घेऊन आली. मॅडमनी पट्टी बघितली, मग माझी मनगटं बघितली.

"सर, उजव्या हाताची वायर डाव्या हाताला लावलीय तुम्ही."

सेल्फी कॅमेऱ्यात आरशासारखं उलटं दिसतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. वायरी बदलून पुन्हा पट्टी काढली. हृदय ठणठणीत.

व्हिडिओ पुसून टाक म्हणून शीतलला बजावलं, पण तोवर तो साऱ्या कॉलेजात फिरला होता. परवा तोंडी परीक्षेत नव्या बॅचच्या एका मुलीला विचारलं, घाबरलेला पेशंट कसा ओळखाल? ती खाली मान घालून पुटपुटली, "सर, आमी तुमाला बघितलंय की."