रसूलचाचांनी गंज काढलेला कोयता

माझ्या वडिलांनी आईवर कोयता चालवला होता.

आई वाचली. ज्यांच्यामुळे वाचली, ते रसूलचाचा आज सकाळी फलटणमध्ये वारले.

चाचा शिकलगार. बाजारात बसून कोयते, विळे, अडकित्ते घासायचे, धार लावायचे.

मी तेव्हा चौदा वर्षांची. पाचगणीच्या कॉन्व्हेंटमधून दसऱ्याच्या सुट्टीला घरी आले होते. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पूजेला लागायची. त्यांचा गंज काढून आणायचं काम माझ्याकडे.

आदल्या वर्षी एका विळ्यावर गंज दिसला, म्हणून आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आईला भिंतीवर आपटलं होतं.
पुढच्या उन्हाळ्यात ऊसतोडीचा कोयता तिच्या डोक्यावर उगारला. ती वाकली. कोयता दाराच्या चौकटीत रुतला.

म्हणून मी चाचांपुढे पोतं उघडलं आणि तो कोयता वेगळा काढला.

"चाचा, याचा गंज राहू द्या. मग तो कापणार नाही."

चाचा हसले नाहीत.

"गंजका कोयता लय वाईट, बेटी. कापतोय बी आन् जखम सडवतोय बी. आन् गंज दिसला तर तुजा बाप काय करंल?"

"मग असं करा, की चमकेल पण कापणार नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग रॉकेल आणि विटेची भुकटी लावून काथ्यानं कोयता घासला. पातं आरशासारखं झालं.
मग धार दगडावर उभी धरून रगडली. पार बोथट होईपर्यंत.

"पूजेच्या हत्याराला दसऱ्यापतूर कोण हात लावत न्हाई. तवर कुणाला कळायचं न्हाई. तू आईजवळ ऱ्हा."

आप्पांनी हात लावला.

नैवेद्याला उशीर झाला, एवढंच कारण. पाटावरून कोयता उचलला तेव्हा झेंडूची फुलं खोलीभर उडाली.
पहिला घाव खांद्यावर. दुसरा तिनं हातावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.
तिचा पदर लाल झाला. मी किंचाळले.

ते कोयत्यावरचं कुंकू होतं.

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, आप्पांनी माझं मनगट धरून मला बाजारात ओढत नेलं.

"कुणी सांगितलं रं धार घालवायला?"

चाचांची नजर माझ्यावरून गेली. थांबली नाही.

"कुणी न्हाई, आप्पा. गंज लय व्हता. घासता घासता माजाच हात चुकला."

आप्पांनी त्यांचा उजवा हात त्यांच्याच दगडावर दाबला आणि कोयत्याच्या पाठीनं ठेचला. तीनदा.
सगळा बाजार बघत होता.

शाळेत रोज प्रेअरमध्ये आम्ही खरं बोलायची शक्ती मागायचो.
मी तोंड उघडलं नाही.

चाचांच्या त्या हाताची दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. "धार लावतोस का घालवतोस, चाचा?" असं गिऱ्हाईक वर्षानुवर्षं चेष्टेनं विचारायचं. ते मान खाली घालून घासत राहायचे.

आईच्या हाताचं प्लास्टर निघाल्यावर ती मला घेऊन सांगलीला मामाकडे आली, ती परत गेलीच नाही. येताना तिनं पिशवीच्या तळाशी तो कोयता आणला. आप्पांच्या हाताशी ठेवला नाही.

खूप वर्षांनी चाचांना भेटले. ते डाव्या हातानं चहा पीत होते.

"चाचा, सॉरी. मी तेव्हा बोलायला हवं होतं."

"येडी का काय? तू बोलली असतीस तर तुजी बोटं गेली असती. माजी जुनी व्हती."

आणि बशी माझ्याकडे सरकवली. "बिस्कीट खा."

आता आप्पा नाहीत. आई नाही. आज चाचाही नाहीत.

त्यांच्या नातवंडांनी वाचावं म्हणून सगळ्यांसमोर लिहिते.
तुमच्या आजोबांचा हात चुकला नव्हता. धार मी घालवायला सांगितली होती.

चाचा, दर खंडेनवमीला मी तो कोयता विटेच्या भुकटीनं घासते. लख्ख करते.
धार अजून लावलेली नाही.

निवांत झोपा. तुमच्या त्या दोन बोटांना माझा नमस्कार.