शेवटची जोड

परवा मोबाईलवर एक जपानी सुमो पैलवान निवृत्त होताना पाहिला. रेशमी पोशाखातला तो डोंगराएवढा देह निमूट बसलेला. मागून एकेक माणूस येई, सोनेरी कात्रीने त्याच्या बुचड्याचे चार केस कापी आणि वाकून जाई. शेवटी गुरूने उरलेला बुचडा उतरवला, तेव्हा कधी कुणापुढे न हललेला तो माणूस हुंदके देऊन रडला. आता रिंगणात उतरायचं नाही, हे सगळ्यांदेखत ठरलं. मी मोबाईल उपडा ठेवला. आमच्याकडे पैलवानाला असं कोणी थांबवत नाही. ते काम त्याच्या हाडांवर सोपवलेलं असतं.

आमच्या गावातही एक होता. कान चुरगाळलेले, चालला की गल्ली अरुंद वाटावी. कुणाची म्हैस व्याली की पहिला खरवस त्याच्यासाठी तालमीत जाई. जत्रेतल्या कुस्त्यांच्या हगाम्यात शेवटची, मानाची कुस्ती त्याचीच. तो चाळिशीकडे झुकला तरी गावाला ते दिसलं नाही. दिसलं असतं, तर खरवस कुणाला पाठवायचा?

हगाम्यात जोडी लावायचं काम माझ्याकडे असे. दोघांचे हात धरून वर उचलले, मैदानाला फेरी मारली, की कुस्ती ठरली. त्यानंतर माघार घेणारा जन्माचा पळपुटा. त्या वर्षी सकाळीच तो माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला होता की मान धरलीय, डाव्या हाताला मुंग्या येतात, यंदा शेवटची दुसऱ्या कुणाची लाव. मी बरं म्हणालो. दुपारी राहात्याकडचा एक तरणा पोरगा शड्डू ठोकत फिरू लागला आणि गर्दी आमच्या पैलवानाच्या नावाने घुमू लागली. तो कडेला फेटा बांधून, अंगभर कपड्यांत बसला होता. सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि खरं सांगतो, ते पाहणं मला आवडत होतं. मी गेलो, त्याचा हात धरला आणि वर उचलला. डावाच. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि फेटा सोडला.

पोराने मानेवर भार देऊन त्याला खाली घेतलं. तो उठला, हात उठला नाही. आजही उठत नाही. पैलवानाला हाव नडली, स्वतःहून कुस्ती मागितली, असं गाव म्हणत राहिलं. मी ऐकत राहिलो.

तो व्हिडिओ पाहून दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. तो एका हाताने बैलांना वैरण टाकत होता. मला म्हणाला, “बस की. का उभ्यानंच माती चारतो?” मी बसलो, आणि चावडीवर सगळ्यांसमोर खरं सांगायचं ठरवलंय, असं बोलून टाकलं. तो बैलाची पाठ चोळू लागला.

“काय सांगशील? पैलवान न्हाई म्हनत हुता, भ्याला हुता, व्हय?” मग आवाज न चढवता म्हणाला, “म्या हून उतरलो, येवढंच राह्यलंय माझ्याकं. आता ते बी नेतो का, गड्या?”

म्हणून इथे त्याचं नाव नाही, गावाचंही नाही. उतारवयात माणूस मन हलकं करायला निघतो. ते ओझं कुणाच्या अंगावर पडेल हे पाहत नाही. उद्या चावडीवर पुन्हा कोणीतरी म्हणेल, पैलवानाला हाव नडली. मी मान हलवून हो म्हणेन.