शेजाऱ्याचा मका

मला बघायला पाहुणे येणार होते, नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या वडिलांनी घरामागं कोंबडखताचा ढीग आणून टाकला. आमचं घर सिल्लोडजवळ, शेतातच. पाऊस पडून वाफसा आला होता. मका गुडघ्याला लागला होता, अन् त्याच्या दर दोन ओळींनंतर उडदाची एक. खत द्यायची वेळ हीच, हे मलाही कळत होतं. पण वासानं जेवताना घास फिरायचा. माशांचं तर विचारूच नका.

"पाहुणे येऊन गेल्यावर टाका की, अण्णा," मी म्हणाले.

"मका थांबतोय व्हय पाहुण्यांसाठी?" ते हसले.

मी हसले नाही. शहरात होस्टेलवर राहून शिकलेली मी. "मला लाज वाटती. लोक म्हणतील, उकिरड्यात राहतात."

अण्णांनी मक्याला खत घातलंच. उरलेला ढीग त्यांनी ताडपत्रीनं झाकला आणि आईला उदबत्त्या लावायला सांगितल्या.

मुलगा वाळूजला कंपनीत होता. बिडकीनची त्यांची जमीन कारखान्यांसाठी गेलेली, त्यामुळं सगळं घर आता शहरात राहायचं. मी पोहे घेऊन बाहेर आले, तर पाहुण्यांच्या आधी माशाच बशीवर बसल्या. मुलाच्या आईनं पदर नाकाला लावला. मी मान खाली घातली. ती काही रीत म्हणून नव्हे.

"वास कशाचा हो?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. "शेजाऱ्यानं कोंबडखत टाकलंय. मागं त्याचं रान हाय. सांगून ऐकत नाय."

मला सुटल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं.

पोहे झाल्यावर ते गृहस्थ हात धुऊन थेट मागच्या रानात गेले. ओळीत उकिडवे बसून त्यांनी माती उकरली, उडदाचं एक रोप उपटून मुळांवरच्या गाठी बघितल्या. परत आले ते खुशीतच.

"शेजारी लई हुशार हाय तुमचा! खत नुसतं मक्याच्या बुडाला दिलंय, उडदाला चिमूटभर नाय; त्याचं खत त्याच्या मुळांच्या गाठीतच तयार होतं. आमच्याकडं लोक सगळीकडं फेकायचे. मग उडदाचा नुसता पाला माजायचा, शेंगा कुठं! ओळख करून द्या की त्याची."

"गावाला गेलाय तो," अण्णा म्हणाले.

ओंजळीओंजळीनं एकेका बुडाशी खत घालताना अण्णांची कंबर धरली होती. नखांत अजून ते काळं होतं. आणि स्वतःचं कौतुक ते तिऱ्हाइतासारखं ऐकत उभे होते. मी बशा गोळा करून आत पळाले.

लग्न ठरलं. दिवाळीच्या तोंडावर होणारे सासरे पुन्हा आले, तेव्हा अंगणात कणसांचा ढीग होता, पडवीत उडदाची पोती.

"तुमच्या शेजाऱ्याला मक्याचा उतार किती पोती पडला?" त्यांनी विचारलं. मग ढिगाकडं बघितलं, पोत्यांकडं बघितलं, अन् अण्णांच्या उतरलेल्या चेहऱ्याकडं. "म्हणजे... तुम्हीच का हो ते?"

"गंमत केली तुमची," अण्णा म्हणाले. माझं नाव त्यांनी तेव्हाही घेतलं नाही.

सासरे खो खो हसले. हा किस्सा ते अजूनही चार माणसांत रंगवून सांगतात. सगळे हसतात, अण्णाही हसतात. मी पाणी आणायचं निमित्त करून उठते.